खुर्चीचा मान

एकोणिसाव्या शतकातले मराठी कुटुंबाचे छायाचित्र वाचायचे, तर सुरुवात खुर्चीपासून करावी. घरचा कर्ता किंवा वडीलधारी बाई खुर्चीत, मुलगे बाजूला उभे, सुना पदर सावरून मागे, पोरे पुढे सतरंजीवर, ही मांडणी पुष्कळदा आढळते. कोल्हापूर संस्थानातल्या भुदरगड पेट्याचे ठाणे असलेल्या गारगोटीसारख्या गावात मात्र खुर्ची ही मुख्यतः कचेरीची वस्तू. घरच्या सोप्यात घोंगडे नाही तर जाजम. म्हणजे चित्रातली बैठक घरातली नव्हे, मानाची आहे.

यावर पहिला आक्षेप तंत्राचा. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. नारायण दाजींसारखे छायाचित्रकार तिच्यात वावरू लागले, तेव्हा कोलोडियनच्या ओल्या काचेसमोर काही सेकंद निश्चल राहावे लागे. उभ्या माणसाच्या मानेमागे लोखंडी टेकू लावत, म्हणून कुणाला तरी बसवणे सोयीचेच होते. पण सोयच पाहायची असती तर खुर्ची चुळबुळ्या पोराला मिळाली असती! शिवाय 1880 नंतर कोरड्या काचा रुळल्या, क्षणात चित्र उमटू लागले, तरी खुर्ची आणि तिच्यातला माणूस जागचे हलले नाहीत. तंत्राने फक्त स्थिर राहायला सांगितले. कोणी बसून आणि कोणी उभ्याने, हे घराने ठरवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रंगवलेला पडदा, खांब, गोल टेबल, त्यावरचे पुस्तक हा सगळा सरंजाम युरोपी स्टुडिओचा, तेव्हा खुर्चीही उसनीच. वस्तू उसनी, हे कबूल. साहेबाच्या घरीही बाप बसे आणि बाकीचे उभे राहत. तरी आपल्याकडे ती इतक्या सहज का रुजली? आसनावरून अधिकार ओळखण्याची सवय इथे जुनीच होती. दरबारी चित्रांत लोडाला टेकलेला धनी आणि पुढे उभे मानकरी असत. सातारा व कोल्हापूर ही राज्येदेखील आपण ‘गादी’ म्हणूनच ओळखतो. स्टुडिओतल्या खुर्चीने त्या गादीचे काम उचलले. म्हणूनच कर्ता गेल्यावर थोरली बाई तिच्यात बसलेली दिसते आणि मिसरूड फुटलेला मुलगा शेजारी उभा असतो. तिथे पुरुषपणापेक्षा वडीलकी वरचढ ठरते. सुनेला मात्र खुर्चीच्या पाठीवर हात ठेवण्यापुरतीच जागा.

पुढे अशाच समूहचित्रातून गेलेल्या माणसाचा चेहरा मोठा करून घेत, चौकटीत बसवत आणि सोप्यात हार घालून टांगत. खुर्ची त्यात कापली जाई.