जन्माची निवड : 'ड्रॅगन एज' मालिकेतील नायकाचे लिंग, वंश आणि पेशा

अद्भुतरम्य संगणकीय खेळ सुरू करताना खेळाडूपुढे बहुधा आधी युद्ध येत नाही, येते ती विचारपूस. नायक स्त्री की पुरुष, कोणत्या वंशाचा आणि कोणत्या पेशाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्याखेरीज कथा पुढे सरकत नाही. बहुतेक खेळांत या उत्तरांचा परिणाम चेहरा, आवाज आणि हातातील शस्त्र यांपलीकडे फारसा जात नाही. कॅनडातील एडमंटन येथील 'बायोवेअर' या संस्थेने २००९ साली 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' प्रसिद्ध केला आणि हेच तीन प्रश्न कथेच्या मुळाशी नेऊन ठेवले. पुढील पंधरा वर्षांत आलेल्या चार मुख्य खेळांत ते कधी ताणले गेले, कधी आखडते घेतले गेले. संस्थेच्याच 'मास इफेक्ट'च्या पहिल्या तीन भागांत एकच नायक आहे आणि तो मानवच आहे. 'ड्रॅगन एज'मध्ये मात्र प्रत्येक भागाचा नायक नवा असतो. त्यामुळे या मालिकेचे जुने खेळाडू दर भागात, आणि एकच भाग पुन्हा खेळतानाही, मुद्दाम वेगळे लिंग, वेगळा वंश व वेगळा पेशा निवडतात.

ही त्रिसूत्री मुळात संगणकाची नव्हे. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळातून ती आली. तेथील नियम आज वाचताना मौज वाटते. १९७८च्या नियमपुस्तकात मानवी स्त्री-पात्राच्या शारीरिक बळाची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा कमी ठेवली होती. १९८१च्या प्राथमिक आवृत्तीत तर 'एल्फ' आणि 'ड्वार्फ' हे वंश नसून पेशेच होते, म्हणजे ड्वार्फ म्हणून जन्मला की त्याचे काम ठरलेले. असे निर्बंध पुढे सैल होत गेले आणि २०२४च्या नियमपुस्तकाने 'वंश' हा शब्दच सोडून 'प्रजाती' हा शब्द घेतला. बायोवेअरचा १९९८चा गाजलेला 'बाल्डर्स गेट' याच नियमांवर उभा होता. 'ड्रॅगन एज'साठी मात्र संस्थेने स्वतःचे जग आणि स्वतःचे नियम रचले. त्या जगाचे नाव थेडास. 'ड्रॅगन एजचे विश्व' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून कार्यालयात पडलेले हे कामचलाऊ नाव पुढे तसेच राहून गेले.

सहा दारे

'ओरिजिन्स'मध्ये वंश तीन आहेत : मानव, एल्फ आणि ड्वार्फ. पेशेही तीनच : योद्धा, जादूगार आणि चोरपावलांनी वावरणारा, कुलपे उघडणारा ठकसेन. (या तिसऱ्या पेशाचे मूळ इंग्रजी नाव देवनागरीत लिहिले की आजाराचा भास होतो, म्हणून येथे ठकसेनच बरा.) पण यांची सरमिसळ मोकळी नाही. ड्वार्फांचा स्वप्नसृष्टीशी संबंध नसतो, म्हणून ते जादूगार होऊ शकत नाहीत. मानव किंवा एल्फ जादूगार झाला की त्याचे बालपण धर्मपीठाच्या पहाऱ्यातील मनोऱ्यातच जाते. सरदारपुत्र अथवा सरदारकन्या जादूगार असू शकत नाही. या बंधनांतून सहा जन्मकथा तयार होतात : मानवी सरदार, मनोऱ्यातील जादूगार, शहरी एल्फ, रानातील डेलिश एल्फ, ड्वार्फ राजघराण्यातील आणि ड्वार्फ जातिबहिष्कृत. हिशेब केला तर लिंग धरून चोवीस प्रकारचे नायक होतात. प्रत्येक जन्मकथा म्हणजे तासाभराचे किंवा त्याहून मोठे स्वतंत्र नाट्य आहे. त्यानंतर सहाही वाटा 'ग्रे वॉर्डन' या योद्ध्यांच्या संघात येऊन मिळतात आणि पुढील कथानक बव्हंशी समान राहते.

बव्हंशी म्हणायचे कारण असे की, त्या समान कथानकाकडे पाहणारा डोळा जन्माप्रमाणे बदलतो. सैन्याच्या छावणीत पोहोचलेल्या एल्फ नायकाला कोठारप्रमुख नोकर समजतो आणि कामाला जुंपू पाहतो. मानव नायकाच्या वाट्याला हा प्रसंग येत नाही, आणि असे काही घडू शकते याचा त्याला पत्ताही लागत नाही. शहरी एल्फाची जन्मकथा विवाहाच्या दिवशी घडते. मानवी उमरावाचा मुलगा एल्फांच्या वस्तीत शिरून वधूंना पळवून नेतो. नायक पुरुष असेल तर तो त्यांना सोडवायला निघतो. नायिका असेल तर पळवून नेलेल्यांत ती स्वतःच असते. घटना, वाडा आणि खलपुरुष तेच राहतात, पण एकाच लिंगाने खेळणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते.

लिंगाची निवड इतरत्रही अशीच आडवी येते. स्टेन हा क्युनारी योद्धा स्त्री-नायिकेला पाहून खरोखरच गोंधळतो. त्याच्या समाजात लढणे हे स्त्रीचे काम नाही, तेव्हा लढणारी व्यक्ती स्त्री कशी, असा त्याचा सरळ प्रश्न असतो. शेवटच्या टप्प्यात प्राण वाचवू शकणारा एक गूढ विधी पुरुष नायक स्वतः करू शकतो. नायिकेला त्यासाठी दुसऱ्या पुरुषाचे मन वळवावे लागते. राज्यपदाचेही तसेच. मानवी सरदारकन्या अ‍ॅलिस्टरशी विवाह करून राणी होऊ शकते, सरदारपुत्र राणी अनोराचा पती होऊ शकतो. एल्फ किंवा जादूगार नायिकेवर अ‍ॅलिस्टरचे कितीही प्रेम असले तरी तो गादीवर बसला की विवाहाचा मार्ग बंद होतो. पन्नास-साठ तास सोबत घालवल्यावर पहिल्या पडद्यावरच्या एका निवडीची किंमत अशी वसूल होते.

ऑरझमारची जातव्यवस्था

या सर्वांत लेखनदृष्ट्या सरस भाग आहे तो ड्वार्फांच्या ऑरझमार या भूमिगत नगरीचा. येथे सरदार, योद्धे, लोहार, कारागीर, खाणकामगार, व्यापारी, सेवक अशा जन्मजात जाती आहेत. मुलगा बापाची जात घेतो, मुलगी आईची. या सर्वांच्या बाहेर असलेल्यांच्या चेहऱ्यावर डाग दिला जातो. त्यांना कोणताही रीतसर व्यवसाय करता येत नाही, आणि मग भीक, चोरी किंवा गुंडांची चाकरी एवढेच उरते. मराठी वाचकाला यावर टीप देण्याची आवश्यकता नाही. कॅनडातील लेखकांनी ही व्यवस्था कोठून उचलली, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिचे आतले तर्कशास्त्र त्यांनी पक्के बांधले आहे हे मान्य करावे लागते.

जातिबहिष्कृत नायकाची बहीण रिका नटूनथटून सरदारांच्या नजरेत भरण्याचे शिक्षण घेत असते. मुलगा बापाची जात घेत असल्याने, सरदारापासून मुलगा झाला तर आई आणि तिचे कुटुंब त्या घराण्यात सामावले जाते. मुलगी झाली तर आईचाच डाग तिच्या कपाळी. नायक स्वतः एका मद्यधुंद योद्ध्याचे चिलखत घालून पवित्र आखाड्यात उतरतो आणि कुलीन लढवय्यांना हरवतो. शिरस्त्राण उतरल्यावर विजेत्याचा गौरव होत नाही. बहिष्कृताने त्या भूमीवर पाय ठेवणे हाच गुन्हा ठरतो आणि त्याची शिक्षा मृत्यू असते.

पुढे कथानकाच्या ओघात प्रत्येक नायकाला ऑरझमारमध्ये यावे लागते आणि रिकाम्या गादीसाठी दोघांपैकी एकाची निवड करावी लागते. हॅरोमॉन्ट सभ्य आणि परंपरानिष्ठ आहे. बेलेन कपटी आणि निर्दय आहे, पण जातीचे निर्बंध सैल करणारा तोच आहे. बाहेरून आलेल्या मानवाला हे राजकारणातले एक कोडे वाटते. राजघराण्यातल्या नायकासाठी बेलेन म्हणजे थोरल्या भावाचा खून घडवून आपल्याला हद्दपार करविणारा धाकटा भाऊ. बहिष्कृत नायकासाठी तोच बेलेन बहिणीचा आश्रयदाता आणि तिच्या मुलाचा बाप. पडद्यावरचे पर्याय सर्वांना तेच दिसतात, त्यांचा अर्थ मात्र प्रत्येक जन्मात निराळा लागतो. ज्याला ही मालिका एकदाच खेळायची आहे त्याने ड्वार्फ बहिष्कृत निवडावा, आणि दोनदा खेळायची असेल तर दुसऱ्या वेळी ड्वार्फ राजपुत्र अथवा राजकन्या, असे खुशाल सुचवता येईल.

आवाजाची किंमत

मार्च २०११मध्ये आलेल्या 'ड्रॅगन एज २'ने हा पसारा एकदम आवरला. नायक हॉक हा मानवच, लिंग आणि पेशा तेवढा खेळाडूच्या हाती. चोवीसांवरून संख्या सहावर आली. खेळ अल्पावधीत तयार झाला हे एक कारण होतेच, पण दुसरे अधिक मूलभूत होते. 'ओरिजिन्स'चा नायक मुका होता. त्याचे संवाद खेळाडू वाचत असे, त्यामुळे प्रत्येक जन्माला साजेसे वेगळे वाक्य लिहिणे स्वस्त पडे. हॉकला निकोलस बोल्टन व जो वायट या कलावंतांचा आवाज मिळाला आणि प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित करणे भाग पडले. नायक बोलू लागला आणि त्याच वेळी त्याच्या वंशाची निवड गेली.

मात्र पेशाला या भागात अनपेक्षित वजन मिळाले. हॉक जादूगार असेल तर प्रारंभीच बहीण बेथनी मारली जाते आणि भाऊ कार्व्हर वाचतो. हॉक योद्धा किंवा ठकसेन असेल तर भाऊ जातो आणि जादूगार बहीण उरते. जादूगार भावंडाच्या सावलीत वाढलेला, पुढे जादूगारांवर पहारा करणाऱ्या टेंप्लरांत दाखल होऊ शकणारा कार्व्हर आणि पकडले जाण्याच्या धास्तीत जगणारी बेथनी ही दोन घरे अगदी भिन्न आहेत. येथे एक ढिलाई मात्र डोळ्यांत भरते. कर्कवॉल हे शहर जादूगारांसाठी तुरुंग असल्याचे सतत सांगितले जाते, आणि हॉक भर रस्त्यात, टेंप्लरांच्या देखत अग्निवर्षाव करीत फिरतो तरी कोणी हटकत नाही.

नोव्हेंबर २०१४चा 'इन्क्विझिशन' आरंभी याच वाटेने निघाला होता, म्हणजे नायक केवळ मानव. कालावधी वाढवून मिळाल्यावर वंशाची निवड परत आली आणि शिंगे असलेले क्युनारी प्रथमच खेळाडूसाठी खुले झाले. प्रत्येक लिंगासाठी एक ब्रिटिश आणि एक अमेरिकी ढंगाचा, असे चार आवाज मुद्रित करण्यात आले. शिंगांमुळे क्युनारी नायकाच्या डोक्यावर शिरस्त्राण बसत नाही, म्हणून त्याला चेहऱ्यावर लावण्याचे संरक्षक रंग दिले आहेत. जन्मकथा मात्र परतल्या नाहीत. नायकाचा भूतकाळ संभाषणातून कळतो, प्रत्यक्ष जगता येत नाही.

तरीही एल्फ नायिकेची निवड या भागाला वेगळीच धार देते. खेळात जनता नायकाला प्रेषिता आंद्रास्तेचा दूत मानते. याच आंद्रास्तेच्या धर्मपीठाने पूर्वी एल्फांचे राज्य धर्मयुद्ध पुकारून नष्ट केलेले असते. त्यामुळे एल्फ नायिकेला आपल्या पूर्वजांचा उच्छेद करणाऱ्यांच्या श्रद्धेचे प्रतीक होऊन मिरवावे लागते. ऑर्लेच्या राजवाड्यातील मेजवानीत दरबाराची मर्जी वंशाप्रमाणे कमी-अधिक पातळीवरून सुरू होते. सोलास या सोबत्याचा प्रेमप्रसंग तर केवळ एल्फ स्त्रीसाठीच राखीव आहे. (खेळ अद्याप खेळायचा असल्यास पुढील वाक्य वगळावे.) डेलिश एल्फ अभिमानाने चेहऱ्यावर गोंदवून घेतात त्या खुणा मुळात गुलामांच्या होत्या, हे तिला प्रियकराच्या तोंडून कळते. मालिकेच्या पुढील भागाची सारी खंत या एका नात्यात साठलेली आहे, आणि मानव पुरुष योद्ध्याला तिची झळही लागत नाही.

प्रत्येक भागात नायक बदलला तरी आधीचे नायक पुसले जात नाहीत. 'ओरिजिन्स'ची जतन केलेली फाइल दुसऱ्या भागात नेता येत असे. तिसऱ्यासाठी २०१४ साली 'ड्रॅगन एज कीप' हे संकेतस्थळ काढण्यात आले आणि तेथे वॉर्डनचे लिंग, वंश व निर्णय नोंदवून ते खेळात आणता येऊ लागले. हॉक तर 'इन्क्विझिशन'मध्ये स्वतः येतो, खेळाडूने ठरविलेल्या चेहऱ्यानिशी. विविध नायक आलटून पालटून घेण्यातील गोडी यातच आहे, कारण काल आपण जी व्यक्ती होतो तिच्याविषयी आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळते.

३१ ऑक्टोबर २०२४ रोजी आलेल्या 'द व्हेलगार्ड'ने हा धागा जवळजवळ तोडला. मागील भागातील जेमतेम तीन निर्णय विचारले जातात. नायक रूकसाठी चार वंश, तीन पेशे व सहा संघटना यांतून निवड आहे, आणि स्त्री-पुरुष या चौकटीबाहेरची लिंगओळखही प्रथमच नायकाला घेता येते. चेहरा व शरीर घडविण्याची साधने मालिकेत सर्वांत समृद्ध आहेत. पण गुलामगिरीवर उभ्या असलेल्या टेव्हिंटर साम्राज्यात फिरणाऱ्या एल्फ रूकला त्या गुलामगिरीचा चटका फारसा बसत नाही. 'ओरिजिन्स'मधल्या त्या कोठारप्रमुखाचे एक उद्धट वाक्य जेवढे सांगून जाते, तेवढे येथील कित्येक तास सांगत नाहीत. प्रकाशक 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स'ने जानेवारी २०२५मध्ये खेळाडूंची संख्या सुमारे १५ लाख असल्याचे व ती अपेक्षेपेक्षा जवळपास निम्म्याने कमी पडल्याचे जाहीर केले.

एक नियम मात्र चारही खेळांत अबाधित राहिला आहे. २००९ असो वा २०२४, ड्वार्फ निवडला की जादूगाराचा पर्याय खेळाडूला मिळत नाही.