माणसांचा बाजार आणि कायद्याचा हात

भगिनींनो, स्मरणिकेत पाककृती आणि विणकामाचे नमुने असतात, तेथे हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु मुलींची विक्री आपल्या उंबरठ्यापासून फार दूर नाही, म्हणून लिहिण्याचे धाडस करीत आहे.

मुलगी विकणे हा गुन्हा आहे, हे 1860 च्या दंडविधानातच लिहिले होते. कलम 372 प्रमाणे 16 वर्षांखालील मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद होती आणि कलम 373 विकत घेणाऱ्यासाठी होते. पण कायदा पुस्तकात राहिला आणि मुंबईत कामाठीपुरा वाढत गेला. 1917 साली डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात अकुताई नावाची स्त्री मारहाणीने मेली. तिचा अपराध एवढाच, की तिने पळून जाण्याचा प्रयत्न केला होता. खटला चालला, कुंटणखाना चालविणारे दोषी ठरले आणि वर्तमानपत्रांतून मोठा गवगवा झाला. पुढे 1923 साली मुंबई प्रांतात वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. एका बाईचा जीव गेला, तेव्हा कोठे बंद दारामागचे जग चारचौघांत बोलले गेले.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने माणसांच्या व्यापाराला बंदी केली. 1956 साली स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराविरुद्ध सबंध देशासाठी कायदा झाला आणि 1986 साली त्यात दुरुस्ती झाली. हेतू चांगला होता. पण रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाईक बोलावणे हाही त्यात गुन्हा धरलेला आहे. त्यामुळे फसवून आणलेली बाई पोलिसांना सहज सापडे आणि तिला गावाहून आणणारा दलाल मात्र नामानिराळा राही. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसलाच हा प्रकार!

2002 साली 'प्रेरणा' या संस्थेच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सोडविलेल्या अल्पवयीन मुलीला आरोपीसारखे वागवू नये, तिची चौकशी केल्यावाचून तिला कोणाच्याही हवाली करू नये आणि आरोपीच्या वकिलाने तिचे वकीलपत्र घेऊ नये. 2013 साली दंडविधानातील कलम 370 बदलले. फसवून, धमकावून किंवा लालूच दाखवून माणसाला नेणारा, ठेवून घेणारा, पुढे देणारा, असे सर्वच त्यात आले. तिची संमती होती, ही सबब चालेनाशी झाली. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत शिक्षा निदान दहा वर्षे झाली. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये आहे.

आता आकडे पाहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली जगात 2 कोटी 76 लाख माणसे सक्तीच्या कामात अडकलेली होती. त्यांपैकी 63 लाख देहविक्रयात होती. आपल्या सबंध देशात 2022 साली मानवी व्यापाराचे गुन्हे नोंदले गेले अवघे 2,250, आणि त्यांत बळी पडलेली माणसे 6,036. एवढ्या मोठ्या देशात एवढेच गुन्हे घडत असतील, हे मनाला पटत नाही.

गुन्हे नोंदले का जात नाहीत, ते मी स्वतःवरून सांगते. काही वर्षांमागे आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या भाचीला एक स्थळ आले. हुंडा नको, खर्च आमचा, मुलगी मात्र आठ दिवसांत परराज्यात न्यायची. आम्ही बायकांनी पत्ता विचारला, नातेवाईक विचारले. मध्यस्थ उठून गेला, तो पुन्हा आला नाही. आम्ही देवापुढे साखर ठेवली. पण पोलिसांत कोणीच गेलो नाही. आपली मुलगी वाचली, एवढेच पाहिले. तो मनुष्य पुढे कोणत्या गावी गेला असेल, या विचाराने आजही झोप उडते.

कायदा आंधळा नसतो, पण त्याला दाखविणारे कोणी लागते. मुलीबाबत शंका आली तर 1098, आणि तातडीच्या प्रसंगी 112 हा क्रमांक फिरवावा. आपल्या दारावरून परतलेला दलाल दुसऱ्या दारी जातो, एवढे ध्यानात ठेवू या.