मापन-उपकरणांची जोडणी : ओम ते वेस्टन

ॲमीटर मंडलात एकसर जोडावा व व्होल्टमीटर समांतर, हा नियम विद्यार्थ्यास प्रयोगशाळेत आरंभीच सांगितला जातो. त्यामुळे तो केवळ हस्तव्यवहाराचा संकेत आहे, असा समज होण्याचा संभव असतो. वस्तुतः मापक हाही मंडलाचाच एक घटक होय, ही जाणीव त्यामागे आहे. आणि ती क्रमाक्रमानेच स्पष्ट होत गेली.

विद्युत्प्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होते, हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखविले. त्याच वर्षी श्वाइगरने तारेची वेटोळी योजून हा परिणाम वाढविला. परंतु वेटोळी वाढली की तारेचा रोधही वाढतो, आणि जो प्रवाह मोजावयाचा तोच घटतो. या प्रश्नाची गुरुकिल्ली ओमच्या १८२६ मधील प्रयोगांत सापडते. बिस्मथ व तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून त्याने स्थिर विद्युत्प्रेरणा मिळविली. त्याच्या सूत्रात परीक्ष्य तारेच्या लांबीत एक स्थिरांक मिळवावा लागतो. हा स्थिरांक म्हणजे उर्वरित मंडलाचा रोध होय. मापकाचा रोधही अशाच रीतीने हिशेबात धरावा लागतो, हे यावरून उघड होते.

यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे मापकातून प्रवाहच वाहू न देणे. ख्रिस्टीने १८३३ मध्ये वर्णिलेली व व्हीटस्टनने १८४३ मध्ये ख्रिस्टीचे ऋण मान्य करून प्रसृत केलेली सेतुरचना, तसेच पोगेनडॉर्फची १८४१ मधील प्रतितोलन पद्धती, या दोहोंचे मर्म हेच आहे. समतोल साधला असता गॅल्व्हानोमीटरच्या रोधाचा उत्तरावर परिणाम होत नाही.

तथापि वीजपुरवठ्याच्या धंद्यास तत्काळ वाचता येणारी उपकरणे हवी होती. १८८८ च्या सुमारास वेस्टनने तशी सुवाह्य उपकरणे सिद्ध केली. येथे दुसरा मार्ग स्वीकारावा लागला : ॲमीटरचा रोध अत्यल्प व व्होल्टमीटरचा अतिशय मोठा ठेवणे. १०० व्होल्टच्या पुरवठ्यावर १००० ओहमचे दोन रोध एकसर असता प्रत्येकावर ५० व्होल्ट असतात. त्यांपैकी एकास १००० ओहमचा व्होल्टमीटर समांतर जोडल्यास तो सुमारे ३३ व्होल्टच दाखवील. जोडणी निर्दोष, वाचनही अचूक. परंतु मोजले गेले ते मूळ मंडल नव्हे.

सारांश, जोडणीचा नियम पाळला म्हणजे मापन यथार्थ झाले असे नाही. मापकाने मंडलात किती बदल घडविला, याचा विचार केल्यावरच त्या नियमास अर्थ प्राप्त होतो.