धोंडू, हजर!

शाळेत हजेरी सुरू झाली की माझ्या पोटात गोळा यायचा. अमित, संदीप, सचिन... आणि मग "धोंडू". की मागच्या बाकांवर ठरलेली खसखस. "पाण्यात टाका रे, बुडतो का बघू" हा विनोद मी चौथीपासून दहावीपर्यंत ऐकला. कॉलेजात गेलो आणि सरळ 'डी. के.' झालो. ऑफिसातही तेच चाललं.

नाव आजोबांचं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपल्याकडची रीत. पण आजोबांना तरी ते का ठेवलं? परवा आत्याने सांगितलं. आजोबा 1912 चे. त्यांच्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली होती.

त्या काळी आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेच्या आसपास पहिला वाढदिवस बघत नसत. (आज हा आकडा तिसाच्या खाली आहे.) डॉक्टर नाही, औषध नाही. मग आईच्या हातात उरायचं काय? नाव! धोंडू, दगडू, भिकू. दृष्ट लागू नये, मृत्यूला वाटावं की हा तर धोंडा, याला कशाला न्यायचं? आणि पोर धोंड्यासारखं टिकावं, हीही आशा असणारच.

मग आठवत गेलं. 1857 च्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत. 1916 साली महिला विद्यापीठ काढणारे, 1958 साली भारतरत्न झालेले महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव. जयपूर घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी. यांच्या नावाला कुणी हसलं नाही.

नकोशा वाटणाऱ्या सगळ्याच नावांची गोष्ट अशी नसते म्हणा. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 285 मुलींची 'नकुशा' ही नावं समारंभाने बदलली. ती बदलायलाच हवी होती. 'नकुशा' म्हणजे मुलगी नको. 'धोंडू' म्हणजे मात्र, तीन गेली, हा तरी राहू दे. मी इतकी वर्षं दोन्ही एकाच पंगतीत बसवत होतो.

असो. गेल्या आठवड्यात दवाखान्यात नाव विचारलं. 'डी. के.' तोंडात आलं होतं, गिळलं. म्हटलं, "धोंडू." काउंटरवरची मुलगी हसली. मीही हसलो.

पणजीने ठेवलेलं नाव आहे. आणि आजोबा ब्याऐंशी वर्षं जगले!