जीप उंच करायची, पण नेमकी कुठून?

१/ जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कारखानदारांना मागणीपत्र धाडले. त्यातली उंचीची अट आजच्या जीपवेड्यांना चमत्कारिक वाटेल: गाडी ठेंगणी हवी. शत्रूच्या नजरेतून सुटावी म्हणून समोरची काचसुद्धा आडवी पाडता आली पाहिजे. उंच गाडी म्हणजेच आडवाटेची गाडी, ही समजूत बरीच नंतरची.

२/ पहिला नमुना देण्याची मुदत होती ४९ दिवस. बँटम या लहानशा कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट याने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला नमुना मेरीलँडमधील कॅम्प होलाबर्ड येथे दाखल झाला. पुढे विलिज आणि फोर्ड यांनी लाखोंच्या संख्येने जी जीप बनवली, तिच्यात पाटे ॲक्सलच्या खालून जात. ॲक्सल पाट्यांवर बसल्यामुळे चौकट जमिनीच्या जवळ राहिली. युद्धोत्तर काळातील प्रत्येक ‘लिफ्ट’चा वाद या एका मांडणीशी येऊन पोहोचतो.

३/ इथे थोडे यंत्रशास्त्र पाहणे भाग आहे. अखंड ॲक्सलच्या गाडीत सर्वांत खाली लोंबतो तो डिफरन्शियलचा गोळा. पाटे बदलून चौकट चार इंच उचलली तरी हा गोळा जागचा हलत नाही, कारण तो चाकांना बांधलेला असतो, चौकटीला नव्हे. तो वर जातो केवळ मोठ्या टायरमुळे, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच. २८ इंची टायर काढून ३२ इंची बसवले, तर गोळ्याखाली २ इंच जागा वाढते. मग सस्पेन्शन लिफ्ट काय देते? त्या मोठ्या टायरला हलायला मोकळीक देते, आणि चढाच्या पायथ्याशी गाडीचे नाक किंवा उंचवट्यावर तिचे पोट टेकू देत नाही. एवढेच. हे ‘एवढेच’ थोडे नाही, पण जाहिरातीत दिसते त्याहून ते निराळे आहे.

४/ गोळाच उचलायचा असेल तर वाट वेगळी, आणि ती जर्मनांना युद्धाच्या गरजेतून सापडली. १९३९ च्या पोलंड मोहिमेनंतर फोक्सवॅगनच्या सैनिकी गाडीविषयी दोन तक्रारी होत्या: ती पुरेशी उंच नव्हती, आणि पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्या शिपायांच्या चालीने सावकाश चालू शकत नव्हती. मागच्या चाकांच्या तुंब्यांत दंतचक्रांची एक जोडी बसवून दोन्ही प्रश्न एकदम सुटले. वेग उतरला, जोर वाढला आणि धुरा चाकाच्या मध्याच्या वर गेला. ही क्यूबेलवॅगन केवळ मागच्या दोन चाकांवर चाले, तरी चिखलातून निघे.

५/ हीच कल्पना चारही चाकांवर नांदली ती युनिमॉगमध्ये. आल्बर्ट फ्रीडरिख याची ही गाडी १९४८ पासून ग्योपिंगेन येथे तयार होऊ लागली. ती जन्मली शेतकऱ्यासाठी: तिच्या चाकांमधले अंतर बटाट्याच्या दोन ओळींच्या मापाने ठरले होते. पिकावरून जाताना पोट घासू नये, म्हणून पोर्टल ॲक्सल. त्याची किंमत मात्र चार जादा दंतपेट्या, त्यांचे वजन आणि त्यांची तेलगळती.

६/ अमेरिकेत युद्धातून उरलेल्या जीपा स्वस्तात हाती आल्या. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील जॉर्जटाउनहून पहिली ‘जीपर्स जंबोरी’ रुबिकॉनच्या खडकाळ वाटेवर निघाली. काम संपले, हौस उरली. आणि हौसेला उंची हवीच असते.

७/ स्वस्त उपाय जीपच्या मूळ मांडणीतच दडलेला होता: पाटे ॲक्सलखालून काढून ॲक्सलवर बसवायचे. ॲक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या थराची जाडी, म्हणजे साधारण पाच इंच, जवळजवळ फुकट मिळतात. बिल नंतर येते. आखूड जीपचा मागचा प्रॉपेलर शाफ्ट आधीच तोकडा. त्याचा कोन तीव्र होतो आणि युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला गॅरेजात ‘क्रॉस’ म्हणतात, तो झिजू लागतो. स्टिअरिंगचा दांडा तिरपा पडला की खड्ड्यात चाक आपोआप वळते. जोर लागताच पाटे इंग्रजी एससारखे पिळतात.

८/ सर्वांत मोठी किंमत तोलाची. चाकांमधले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, एवढेच गणित. जीपच्या चाकांमध्ये साधारण ४९ इंच अंतर आहे. गुरुत्वमध्य समजा २५ इंचांवर असला तर उत्तर ०.९८. तो ४ इंच वर गेला की ०.८४. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी वळणावर लवकर कलंडते. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरदर्शन कार्यक्रमात सीजे-५ उलटताना दाखवली गेली. चाचणीच्या पद्धतीवर वाद झाला, पण ते दृश्य लोकांच्या मनातून पुसले गेले नाही.

९/ १९८६ मध्ये आलेली रँग्लर वायजे जुन्या सीजेपेक्षा रुंद बैठकीची आणि ठेंगणी होती. कंपनीने गाडी खाली आणली. मालकांनी ती गॅरेजात नेऊन पुन्हा वर चढवली. पाटे ॲक्सलवर बसवण्याचा जुना उद्योग वायजेवर विशेष रंगला.

१०/ भारतात ही वंशावळ मुंबईतून आली. १९४५ साली स्थापन झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’मधील गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. माझगावात विलिजच्या जीपा जोडल्या जाऊ लागल्या. ॲक्सलखालचे पाटेही त्यांच्याबरोबर आले, आणि ते वर घेण्याचा मोहही.

११/ म्हणून निवड करताना पहिला प्रश्न इंचांचा नसतो, काय टेकते आहे याचा असतो. गोळा टेकत असेल तर टायर बघावा. पोट किंवा नाक टेकत असेल तर पाटे. दोनेक इंचांची वाढ मूळ शाफ्ट बहुधा निभावून नेतो. चार इंचांपुढे शाफ्ट, स्टिअरिंग आणि ब्रेकच्या नळ्या यांचा खर्च लिफ्टच्याच हिशोबात धरावा लागतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मूळ रचनेत करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे इष्ट.