किल्लीमागचा खटका

पोर्शे बॉक्सस्टरची पहिली पिढी, जिला गाडीवेडे ‘९८६’ म्हणून ओळखतात, १९९६ ते २००४ या काळात बनली. या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत आणि त्यांचं एक दुखणं मालकांच्या चांगलं ओळखीचं आहे. किल्ली फिरवली की इंजिन लागतं, पण एसीचा पंखा फिरत नाही, रेडिओ लागत नाही. किल्ली बोटाने किंचित मागे ढकलली की सगळं सुरू होतं. कधी याच्या उलट घडतं: गाडी बंद केली तरी रेडिओ वाजत राहतो, किल्ली निघता निघत नाही. बॅटरी नवी असते, इंजिन ठणठणीत असतं. दोष असतो तो कुलपाच्या पाठीमागे बसवलेल्या एका छोट्या प्लास्टिकच्या इग्निशन स्विचमध्ये. एवढ्याशा तुकड्यावर साऱ्या गाडीचा भार कसा येऊन पडला, हे कळायला मोटारीला किल्लीच नव्हती त्या काळात जावं लागतं.

तेव्हा ठिणगी मॅग्नेटो देत असे. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १८९७ मध्ये तो मोटारीच्या इंजिनाला जोडला आणि त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. इंजिन फिरतंय तोवर तो आपली वीज आपणच तयार करतो. त्यामुळे स्विचकडे एकच काम होतं, इंजिन थांबवणं. स्विच फिरवला की मॅग्नेटोची तार गाडीच्या लोखंडाला अर्थ व्हायची आणि ठिणगी पडायची बंद व्हायची. आजच्या इग्निशन स्विचचा हा पूर्वज चालू करणारा नव्हताच. छोट्या पिस्टन विमानांत ही रीत अजून आहे, म्हणून तिथे तार तुटली तर इंजिन बंद पडत नाही. उलट बंद करायला गेलं तरी ते बंद होत नाही.

गाडी चालू करायची ती हँडल मारून. आपल्याकडेही जुन्या जीपना आणि ट्रकना हँडल मारलेली माणसं आहेत, आणि ती पहिली सूचना देतात अंगठ्याची: हँडलला विळखा घालायचा नाही, अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं.

या हँडलपासून सुटका केली चार्ल्स केटरिंग यांनी. मोटारीत येण्यापूर्वी ते अमेरिकेतल्या डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत होते आणि तिथे त्यांनी गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवलं होतं. त्या कामातून त्यांना एक गोष्ट कळली होती. मोटर दिवसभर राबवायची नसेल, क्षणभरच ओढ द्यायची असेल, तर ती छोटी असली तरी भागतं. इंजिन फिरवायला मोठी मोटर लागेल, ती गाडीत मावायची कुठे, असं मानणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा स्टार्टर आला. मला या साऱ्या वंशावळीतलं हे सर्वांत सुंदर वळण वाटतं, कारण गल्ला उघडणाऱ्या मोटरीतून इंजिन फिरवणाऱ्या मोटरीकडे जायला वेगळीच नजर लागते. स्टार्टरसोबत मोठी बॅटरी आली, दिवे विजेवर आले, आणि स्विचचा धर्मच पालटला. आता तार जोडली तर ठिणगी, तोडली तर अंधार.

किल्ली मात्र अजून स्टार्टरपासून लांबच होती. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये ठिणगीच्या कॉइलच्या पेटीवर किल्लीचा स्विच असे. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला मॅग्नेटो, मध्ये बंद. किल्ल्या मोजक्याच नमुन्यांच्या असल्याने एकाच्या किल्लीने दुसऱ्याच्या गाडीचा स्विच फिरण्याची शक्यता बरीच. स्टार्टरचं बटण पायाखाली किंवा डॅशबोर्डवर वेगळं. १९४९ मध्ये क्रायस्लरने ही दोन कामं एका किल्लीत आणली: फिरवा, इंजिन लागलं की सोडा, स्प्रिंग किल्लीला मागे आणेल. स्पोर्ट्स गाड्यांनी ही सोय उशिरा घेतली. एमजीए या १९५५ च्या ब्रिटिश गाडीत स्टार्टरची मूठ ओढावी लागे, आणि १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्येही किल्लीखेरीज वेगळं बटण होतं.

पोर्शेची किल्ली स्टिअरिंगच्या डावीकडे का, याची गोष्ट नेहमी फ्रान्समधल्या ल मांच्या मोटार-शर्यतीशी जोडली जाते. तिथे चालक रस्ता ओलांडून पळत येत, गाडीत उडी घेत. डाव्या हाताने किल्ली आणि उजव्याने गिअर, म्हणजे क्षणभराची बचत. माझ्या मते ही जागा टिकली ती बचतीपेक्षा ओळख म्हणून, कारण पळत येऊन सुरुवात करण्याची पद्धत १९६९ नंतर उरलीच नाही. त्या वर्षी पट्टा न बांधता निघण्याच्या या रिवाजाचा निषेध म्हणून जॅकी इक्स चालत आपल्या गाडीपर्यंत गेले, आणि शेवटी शर्यतही त्यांनीच जिंकली. पहिल्याच फेरीत पोर्शे ९१७ चालवणारे जॉन वुल्फ अपघातात गेले. पुढच्या वर्षी चालक पट्टे बांधून गाडीत बसूनच निघाले.

दरम्यान किल्लीकडे चोराला अडवण्याचं कामही आलं. पश्चिम जर्मनीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टिअरिंगचं कुलूप सक्तीचं झालं. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६९ च्या मॉडेलांपासून ते स्टिअरिंगच्या खांबात बसवलं. एकाच नळीत आता पुढे धातूचं कुलूप, मध्ये खांब अडवणारा दांडा आणि मागे विजेचा स्विच.

त्या मागच्या स्विचवरच्या तारांना जर्मन मानकाने क्रमांक दिलेत, आणि जुन्या जर्मन गाडीवर काम करणाऱ्याला ते पाठच असतात. ३० म्हणजे बॅटरीतून थेट आलेली तार, १५ म्हणजे इग्निशन, ५० म्हणजे स्टार्टर. याशिवाय एक वेगळा संपर्क असतो. स्टार्टर फिरत असताना बॅटरीची सगळी ताकद त्यालाच मिळावी म्हणून तो पंखा, हेडलाइट अशी जड खाती तात्पुरती तोडतो, आणि किल्ली मागे आली की पुन्हा जोडतो.

बॉक्सस्टरचं दुखणं नेमकं इथे आहे. स्विचच्या आतलं प्लास्टिक वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतं, किल्ली ५० वरून सुटते पण पूर्ण मागे येत नाही, आणि तोडलेली खाती तुटलेलीच राहतात. हा स्विच मूळचा पोर्शेचा नाही. त्याचा क्रमांक ४ए० ने सुरू होतो, म्हणजे तो ऑडीच्या घरचा. ऑडी आणि फोक्सवॅगनच्या कित्येक गाड्यांत तोच आहे. म्हणूनच तो पोर्शेच्या बाकीच्या भागांच्या मानाने फार स्वस्तात मिळतो.

इग्निशन स्विचच्या दोषाला किरकोळ बिघाड समजू नये. १९९६ मध्ये फोर्डने सुमारे ८० लाख गाड्या परत बोलावल्या, कारण इग्निशन स्विचमध्ये शॉर्ट होऊन आग लागू शकत होती. जनरल मोटर्सचं प्रकरण याहून दुःखद. तिथे किल्लीला जागेवर धरणारी स्प्रिंग आणि पिन कमजोर होती. जड जुडगा लोंबला किंवा गुडघा लागला की चालत्या गाडीत किल्ली सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायची नाही. २००६ च्या सुमारास भाग सुधारला, पण क्रमांक जुनाच ठेवला, त्यामुळे बदल कोणाच्या नजरेत येईना. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. पॉन्टियाक सॉल्स्टिस आणि सॅटर्न स्काय या स्पोर्ट्स गाड्याही त्यांत होत्या. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यू मान्य केले. किल्लीला जड जुडगा अडकवू नये, हे कुठल्याही जुन्या गाडीला लागू आहे.

बॉक्सस्टरच्या दुरुस्तीत मोठा फायदा असा की कुलूप आणि स्विच वेगळे होतात. किल्ली फिरतच नसेल तर दोष कुलपात किंवा स्टिअरिंगच्या दांड्यात, आणि ते काम मोठं. किल्ली फिरते पण वीज चुकते, तर फक्त मागचा प्लास्टिकचा भाग बदलायचा. एअरबॅगच्या सुरक्षेसाठी आधी बॅटरीची ऋण तार सोडवून थोडा वेळ थांबावं. मग चालकाच्या पायाजवळ पाठीवर झोपून डॅशबोर्डखालची हवेची नळी काढली की स्विच दिसतो. त्याला धरणारे दोन बारीक स्क्रू रंगाने बुजवलेले असतात; रंग खरवडून छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने ते फक्त सैल करावेत, पूर्ण काढू नयेत, नाहीतर ते गालिच्यात हरवतात. नवा स्विच बसवताना त्याची खाच कुलपाच्या जिभेच्या स्थितीत आणून मगच ढकलावा. जोर लावावा लागला तर स्थिती चुकली आहे.

बॅटरी जोडल्यावर इंजिन लावा, किल्ली सोडा, आणि पंखा आपणहून फिरू लागतो का ते पाहा. खिडक्यांच्या काचांना वर-खालीची हद्द पुन्हा शिकवावी लागते. रेडिओ कोड मागेल. तो बॅटरी सोडवण्याआधीच गाडीच्या कागदपत्रांतून शोधून ठेवावा.