आधी कागद दाखव, मग तक्रार सांग!

गेल्या महिन्यात आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गात अमेरिकेतल्या स्थलांतरितांचा विषय निघाला. एका तरुणाने उभे राहून विचारले, "ताई, जे बेकायदेशीरपणे देशात राहतात, त्यांना पोलिसांकडे तक्रार करायचा हक्क कसला?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि आपल्या चळवळीतही तो अनेकांच्या मनात आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न थोडा उलटा करून पाहू. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्यावर अन्याय करणे किती स्वस्त पडते? मालक मजुरी बुडवतो आणि म्हणतो, "जा पोलिसांकडे, आधी तुलाच उचलतील." ही धमकी आपल्याला नवीन आहे का? अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद द्यायला निघालेल्या माणसाला आपल्याकडेही ऐकवतात, "तुझ्यावर दरोड्याची केस टाकू." फिर्यादीला आरोपी होण्याची भीती घातली की गुन्हेगार निर्धास्त होतो. ही युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

आता इतिहास. अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धानंतर, 1868 मध्ये, संविधानात चौदावी दुरुस्ती झाली. तिच्यात दोन वेगळे शब्द आहेत. काही हक्क 'नागरिकां'ना दिले आहेत. पण कायद्याचे समान संरक्षण आणि रीतसर न्यायप्रक्रिया मात्र प्रत्येक 'व्यक्ती'ला दिली आहे. कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्यातून आलेला हा शब्द पुढे कागदपत्रे नसलेल्यांच्याही कामी आला.

सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायला परवाना लागत असे. गोऱ्यांना तो सहज मिळे, चिन्यांना नाकारला जाई. चिनी स्थलांतरितांना तेव्हा अमेरिकेचे नागरिक होण्याचीच मुभा नव्हती. तरीही 1886 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'यिक वो' खटल्यात सांगितले की समान संरक्षण नागरिकांपुरते मर्यादित नाही. 18 मे 1896 रोजी 'वाँग विंग' खटल्याचा निकाल आला. देशात राहण्याचा अधिकार नसलेल्या चिनी माणसांना खटला न चालवता साठ दिवस सक्तमजुरीची शिक्षा दिली होती. सरकार हद्दपार करू शकते, पण खटल्याशिवाय अशी शिक्षा देऊ शकत नाही, असे न्यायालय म्हणाले.

त्याच दिवशी त्याच न्यायालयाने 'प्लेसी' खटल्यात गोऱ्या-काळ्यांचे रेल्वेचे वेगळे डबे कायदेशीर ठरवले. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले. म्हणून न्यायालयाला मुक्तिदाता मानायचे नसते. संविधानातला शब्द हे हत्यार आहे, ते चालवणारे हात आपले लागतात. टेक्सास राज्याने कागदपत्रे नसलेल्यांच्या मुलांना मोफत शाळेतून वगळायचा प्रयत्न केला, तेव्हा 1982 मध्ये 'प्लायलर' खटल्यात हाच 'व्यक्ती' शब्द पुन्हा उपयोगी पडला. निकाल पाच विरुद्ध चार असा लागला, म्हणजे एका मताने.

पण न्यायालयातला शब्द पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत पोहोचतोच असे नाही. 2 ऑगस्ट 1995 रोजी कॅलिफोर्नियातल्या एल मॉन्टे गावात एका वसाहतीवर छापा पडला. काटेरी तारांच्या आत 72 थाई कामगार, त्यातही बहुतेक स्त्रिया, कोंडून कपडे शिवत होते. काही जण कित्येक वर्षे तिथे होते. पळालात तर तुम्हाला आणि घरच्यांना सोडणार नाही, अशी धमकी होती. सुटका झाली आणि पुढे काय? इमिग्रेशन खात्याने त्याच कामगारांना उचलून कैदेत टाकले. एका तुरुंगातून निघून दुसऱ्यात!

थाई आणि आशियाई समाजातले कार्यकर्ते आणि वकील रस्त्यावर उतरले. पीडितांनाच कोंडले तर यापुढे एकही शोषित मजूर पोलिसांकडे येईल का, हा त्यांचा सवाल होता. आठवड्याहून अधिक काळाने कामगार सुटले. त्यांना देशात राहण्याची परवानगी मिळाली, त्यांनी साक्ष दिली आणि कोंडणाऱ्यांनी 1996 मध्ये गुन्हा कबूल केला. मोठ्या कपडा कंपन्यांकडूनही त्यांनी भरपाई वसूल केली.

अशा लढ्यांच्या आणि स्त्री-संघटनांच्या रेट्यातून 2000 साली अमेरिकेत कायदा झाला. मानवी तस्करीच्या पीडितांसाठी टी व्हिसा आला. घरगुती हिंसा, बलात्कार, वेठबिगारी अशा गंभीर गुन्ह्यांत तपासाला मदत करणाऱ्या पीडितांसाठी यू व्हिसा आला. यू व्हिसावर चार वर्षे राहता येते, काम करता येते आणि तीन वर्षांनंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

हे मोठे यश आहे, पण त्यातली मेख ओळखली पाहिजे. कायदा 2000 चा, यू व्हिसाचे नियम आले 2007 मध्ये. मुख्य अर्जदारांसाठी वर्षाला फक्त 10,000 यू व्हिसा, त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची. आणि अर्जासोबत पोलिसांचा किंवा तशाच यंत्रणेचा दाखला लागतो, की या व्यक्तीने तपासात मदत केली. दाखला द्यायचा की नाही हे त्यांच्या मर्जीवर. कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये मुदतीचे बंधन घालणारा कायदा केला, पण सगळ्या राज्यांत तशी सोय नाही. म्हणजे तुमच्यावर अन्याय झाला एवढे पुरेसे नाही, तुम्ही पोलिसांच्या उपयोगी पडलात हेही सिद्ध करायचे. हक्काचे बक्षीस करून टाकले.

भीती तर कायद्यापेक्षा वेगाने पसरते. लॉस एंजेलिस पोलिसांनी 1979 मध्येच आदेश काढला होता की केवळ वास्तव्याचे कागद तपासण्यासाठी कारवाई सुरू करायची नाही. हेतू हाच, की लोकांनी तक्रार द्यायला यावे. पण फेब्रुवारी 2017 मध्ये टेक्सासच्या एल पासोत, घरगुती हिंसेपासून संरक्षण मागायला न्यायालयात आलेल्या एका ट्रान्सजेंडर स्त्रीला इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी तिथेच पकडले. त्याच वसंतात लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी सांगितले की लॅटिनो समाजातून येणाऱ्या बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षीच्या तुलनेत 25 टक्क्यांनी घटल्या. त्यांच्या मते लोक हद्दपारीच्या भीतीने गप्प बसले होते.

आपल्या देशाचे मजूरही यात होते. कॅटरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने सुमारे 500 भारतीय कारागीर नेले. कायम वास्तव्य मिळेल या आशेवर त्यांनी हजारो डॉलर भरले होते. व्हिसा मालकाशी बांधलेला, म्हणजे काम सोडले की माणूस बेकायदेशीर. तरी मार्च 2008 मध्ये सुमारे शंभर जण बाहेर पडले, सरकारकडे तक्रार केली, वॉशिंग्टनपर्यंत गेले, उपोषण केले. 2015 मध्ये ज्यूरीने पाच कामगारांना 1.4 कोटी डॉलर भरपाई मंजूर केली.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे परत येऊ. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत समाधानाने सांगितले होते की मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्तीला एकक मानले. आपल्या संविधानात अनुच्छेद 19 नागरिकांसाठी आहे, पण 14 आणि 21 प्रत्येक व्यक्तीसाठी. 1996 मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. हावडा स्थानकात बलात्कार झालेल्या बांगलादेशी स्त्रीला भरपाई देताना 2000 मध्ये न्यायालयाने अनुच्छेद 21 चाच आधार घेतला.

म्हणून, मित्रा, उत्तर असे. त्यांचा देशात राहण्याचा प्रश्न वेगळा, त्यावर वाद घालू. पण अत्याचाराची तक्रार करण्याचा हक्क नागरिकत्वाचा नाही, माणूस असण्याचा आहे. दारात उभ्या राहिलेल्या फिर्यादीला "आधी तू कोण ते सांग" असे विचारणारी व्यवस्था आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली. तोच प्रश्न आज आपण दुसऱ्याला विचारायला लागलो, तर विहारात बसून संविधान वाचण्याचा उपयोग काय?

जय भीम!